हॉलंडचं स्थळ मिठागराच्या बांधावर

मीरा-भाईंदरमध्ये सपाट जमीन कुठे आहे, हे माझ्याइतकं कुणालाही ठाऊक नाही. टॉवर कुठे आहेत ते कोणीही सांगेल. पण चढ नाही, उतार नाही, बाजूला पाणी आहे, पाण्यात बगळे उभे आहेत आणि सायकल आपोआप चाललीय, असा रस्ता हवा असेल तर बेव्हर्ली पार्कातल्या गुणवंतरावांकडेच यावं लागतं. गुणवंतराव म्हणजे मी.

रिटायर झाल्यावर लोक डॉक्टरला गुडघे दाखवतात, मी सायकल घेतली. दर रविवारी मोर्व्याच्या मिठागरांत जातो. खाडीचं पाणी आत आणणारे लांबच लांब चर, त्यांच्या कडेने मातीचे बांध, पलीकडे मिठाच्या पांढऱ्याशुभ्र राशी, आणि या सगळ्यातून निवांत चाललेला मी. घाई नाही, शर्यत नाही. हॉलंडमध्ये म्हणे लोक कालव्याकाठी असेच दिवसदिवस सायकलने हिंडतात. त्यांच्यात आणि आमच्यात फरक एवढाच, की वारा उत्तनकडून सुटला की आमच्याकडे सुक्या मासळीचा वास येतो.

त्यामुळे आमच्या रसिकासाठी हॉलंडहून परतलेल्या मुलाचं स्थळ आलं, तेव्हा मी हरखूनच गेलो. मुलाचं नाव कौस्तुभ. कंपनीने वर्षभर तिकडे पाठवलेला. त्याच्या आईने, अनसूयाबाईंनी, मला फोटो पाठवले. प्रत्येक फोटोत मागे कालवा, पुढे सायकल आणि सायकलच्या हँडलवर हात ठेवून उभा कौस्तुभ.

"सुट्टी मिळाली की हा निघालाच कालव्याकाठी सायकल घेऊन," अनसूयाबाई फोनवर म्हणाल्या.

"अहो, आमची रसिकाही तशीच. सायकलवरून उतरतच नाही," मी ठोकून दिलं.

फोन ठेवला तर आमच्या सौभाग्यवती, मनोरमा, कमरेवर हात ठेवून समोर उभ्या.

"उतरत नाही, कारण चढतच नाही. तिसरीत असताना जेसल पार्कात भाजीच्या गाडीत घुसली होती. त्यानंतर हात तरी लावलाय का तिने सायकलला?"

"शिकवतो की. त्यात काय एवढं?"

"शिकवा. आणि तिने काय सांगितलंय तेही लक्षात ठेवा."

ते मी कसा विसरणार? रसिका म्हणाली होती, "बाबा, हे शेवटचं. पोह्यांचा ट्रे घेऊन अनोळखी लोकांसमोर बसायचा मला वीट आलाय. हे जमलं नाही तर पुन्हा लग्नाचा विषय काढायचा नाही." आणि आमची रसिका एकदा बोलली की बोलली. कौस्तुभ हातचा गेला तर कायमचं बंद दार.

म्हणून मी डोकं चालवलं. दिवाणखाना नको, ट्रे नको. मुलगा-मुलगी बांधावरून निवांत सायकल चालवतील, सोबतीला मी, आणि मोर्व्याच्या टोकाला मनोरमा व अनसूयाबाई पोह्यांचा डबा घेऊन रिक्षाने येतील. रसिका चक्क हो म्हणाली. ट्रे नाही म्हटल्यावर ती कशालाही तयार होती.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये शिकवणी सुरू झाली. पार्किंग केवढं मोठं! पण रसिका दरवेळी नेम धरल्यासारखी वॉचमनच्या खुर्चीवरच जायची. शेवटी वॉचमन रामूभाईने विचारलं, "साब, मैं पहले से ही खड़ा रहूँ क्या?" ठरलेला रविवार उजाडला तेव्हा खुर्ची मोडली होती आणि सायकल काही आली नव्हती.

आता युक्तीच करायला हवी होती. भाड्याने आणलेल्या दोन सायकलींपैकी लेडीज सायकलची चेन मी गुपचूप ढिली करून ठेवली. पहिल्याच पायडलला ती उतरेल, रसिका चालत जाईल, मुलगा सभ्य असेल तर तोही चालेल. मी स्वतःच्याच पाठीवर थाप मारली.

कौस्तुभ बांधावर आला. उंच, हसरा, नम्र. सायकलींकडे त्याने बराच वेळ पाहिलं आणि सरळ लेडीज सायकल धरली.

"तिकडे सगळे हीच चालवतात, काका. दांडी नसते, पाय पटकन टेकतात."

वा! याला म्हणतात जाणकार. पण चेनचं काय? काही बोलायच्या आत त्याने पायडलवर पाय ठेवला आणि चेन कट्टकन उतरली.

"अरेरे," कौस्तुभ म्हणाला. तोंडाने अरेरे, पण चेहरा लॉटरी लागल्यासारखा. "मग चालतच जाऊ या का?"

या क्षणी मी गप्प बसायला हवं होतं. पण समोर उतरलेली चेन आणि मी गप्प, हे माझ्या हातून व्हायचं नाही. खाली बसलो, बोटं काळी केली, चेन चढवून घट्ट करून दिली. मान वर केली तर रसिका मला खाऊ की गिळू अशी बघत होती, आणि कौस्तुभचा चेहरा उतरला होता.

"काका, तिकडे आधी पाण्याकडे बघत थोडं उभं राहतात," तो म्हणाला. उभे राहिलो. किती शांत मुलगा! मग त्याने बगळे पाहिले. मग दोनदा घंटी वाजवून पाहिली. पर्यटन म्हणावं तर असं. आम्ही आपले उगाच पायडल मारत सुटतो.

मी कौतुकाने पुढे निघालो, तोच मागून फुस्स असा आवाज आला. पाठोपाठ दुसरा फुस्स.

"बाबा, माझी हवा गेली," रसिका म्हणाली.

"काका, माझीपण," कौस्तुभ म्हणाला.

"मिठाचे खडे!" मी ताबडतोब निदान केलं. "टोकदार असतात. तुम्ही या हळूहळू, मी पुढे जाऊन पंक्चरवाला बघतो."

निघालो खरा, पण मान काही पुढे वळेना. मागे ती दोघं सायकली हातात धरून चाललेली. तो काहीतरी सांगत होता आणि आमची रसिका हसत होती. ट्रेमागची रसिका मी पुष्कळदा पाहिली होती, ही नव्हती पाहिली. मला इतकं बरं वाटलं की बांध वळला तरी मी सरळच गेलो. थेट चरात.

गुडघाभर पाणी आणि त्याखाली मांडीभर चिखल. दोघांनी सायकली टाकल्या, धावत आली आणि मला ओढून काढलं. माझा पाय मुरगळला होता.

"कौस्तुभ, माझी सायकल घे आणि पटकन रिक्षा घेऊन ये."

कौस्तुभ जागचा हलेना. "काका, मला सायकल येत नाही."

"आणि ते फोटो?"

"तिकडे लोक पुलाच्या कठड्याला सायकली लावून जातात. एकीवर हात ठेवून पहिला फोटो काढला. आईने तो सगळ्या नातेवाइकांना पाठवला, मग प्रत्येक फोटोत सायकल धरावी लागली, खरं सांगायची सोयच राहिली नाही."

"मग आज आलास कशाला?"

तो रसिकाकडे बघून म्हणाला, "आई म्हणाली, मुलीला सायकलचं वेड आहे. म्हटलं, निदान खरं सांगून माफी मागून यावं. पण आधी हिनेच हवा सोडलेली मी पाहिली, मग मीही सोडली."

रसिका हसता हसता खालीच बसली. मी रागावणार होतो, पण तिचं हसू बघून ते राहूनच गेलं.

शेवटी मिरवणूक निघाली. कॅरिअरवर चिखलाने माखलेला मी, हँडल धरून कौस्तुभ, मागून ढकलणारी रसिका. मोर्व्याच्या टोकाला दोन्ही आया डबा धरून उभ्या होत्या. मनोरमाने कपाळावर हात मारला. अनसूयाबाई मात्र अभिमानाने म्हणाल्या, "बघा, कसा बॅलन्स सांभाळतोय. हॉलंडची सवय आहे ना."

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पोहे खाल्ले. बांधावरच दोघांनी होकार दिला. खरं सांगायचं मात्र राहून गेलं. लग्नानंतर सांगू, असं ठरलं.

काल अनसूयाबाईंचा फोन आला. लग्नाची भेट म्हणून त्यांनी मुलांसाठी हॉलंडची सहल ठरवलीय. आठवडाभर, कालव्याकाठून, सायकलने.

"कसं वाटलं?" त्यांनी विचारलं.

"छान," मी म्हणालो.

सध्या रोज सकाळी पार्किंगमध्ये दोघांची शिकवणी घेतोय. जावयांची प्रगती चांगली आहे. आज रामूभाईची नवी खुर्ची त्यांनी मोडली.