दहा घरांचं धोतर

रंभाजीच्या पिशवीत कायम एक लोखंडी कडी असायची. दाराला लावतात तसली, कोयंड्यासकट. आमच्या गावाबाहेरच्या वस्तीत सगळी छपरंच. दाराच्या जागी गोणपाट. तिथं वाजवायचं काय? रंभाजी गोणपाटासमोर उभा राहायचा, पिशवीतून कडी काढायचा, कोयंड्यावर खणखण आपटायचा आणि आतून "या" आल्याशिवाय पाऊल टाकायचा नाही. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

"तात्या, दार न्हाई आन् कडी वाजिवता व्हय?"

"दार न्हाई म्हनून मान बी न्हाई का?"

कोणी भेटलं तर तो तब्येत विचारत नसे. "नंबर पडला का?" एवढंच. म्हणजे ग्रामपंचायतीच्या दप्तरात घराला नंबर पडला का. "भिंत पडली की घर जातं, भाऊसाहेब. नंबर पडला की येतं." हे त्यानं मला इतक्यांदा ऐकवलं होतं, की पुढचं मीच म्हणायचो.

पाथर्डीकडच्या त्या गावात मी ग्रामसेवक होतो. रंभाजीनं मला दुपारचा डबा सुखानं खाऊ दिला नाही. कोणाचं रेशनकार्ड, कोणाचा फोटो घेऊन दारात हजर. "जेवा, जेवा. हात धुतल्यावर सही करा." घरकुलाच्या यादीत वस्तीतली अकरा नावं बसली, ती त्याच्या या तगाद्यानं. दहा इतरांची, एक त्याचं.

मग पडताळणी आली, ती नेमकी दिवाळीनंतर. वस्ती ऊसतोडीला प्रवरेच्या पट्ट्यात गेलेली. रंभाजीची बायको सखू भावाबरोबर तोडीला गेली होती. हा एकटा मागं राहिला, नावं सांभाळायला. छपरात कोणी राहत नाही असं दिसलं, की नाव कटणार होतं.

तपासणीचे साहेब आणि मी पहिल्या छपरापाशी पोचलो. चुलीत जाळ, दोरीवर ओलं धोतर. दुसऱ्यात तेच, तिसऱ्यात तेच. आम्ही पुढून जात होतो आणि रंभाजी मागच्या बाजूनं धोतर घेऊन पळत होता. पाचव्या छपराशी साहेब थांबले.

"हे ठिगळ मी मघाशी पाहिलं."

"आमच्याकडं ठिगळं बी सारखीच असत्यात, साहेब," रंभाजी धापा टाकत म्हणाला.

साहेब हसले. दहाही छपरं त्यांनी मान्य केली. अकरावं रंभाजीचं. चूल थंड, दोरी रिकामी. धोतर दहाव्या दोरीवर होतं. दुसऱ्यांच्या चुली पेटवताना त्याची स्वतःची राहून गेली होती.

जीपकडं येताना साहेब हळूच म्हणाले, "सगळीच खरी दाखवली तर वर शंका येईल. एखादं कटलेलं दिसू द्या."

मी कागद गुडघ्यावर धरला आणि रंभाजीच्या नावापुढं लिहिलं, 'कायम स्थलांतरित'. तो तेव्हा माझ्यापासून चार हातांवर उभा होता, घाम पुसत. मनात म्हटलं, पुढच्या यादीत दुरुस्त करू. दरम्यान माझी बदली झाली. तो विचारायचा तेव्हा मी सांगायचो, "वरून कटलं रे." सखू त्याच छपरात वारली. निरोप मिळूनही मी गेलो नाही.

निवृत्तीनंतर मी श्रीरामपूरला घर बांधलं. त्याला तीन दारं आहेत. गेल्या महिन्यात मी त्या वस्तीवर गेलो. दहा पक्की घरं, दहा निळी दारं. टोकाला ते छप्पर अजून तसंच. गोणपाटासमोर उभा राहिलो आणि वाजवायला काहीच नव्हतं. शेवटी तोंडानंच म्हणालो, "खट, खट."

"या, भाऊसाहेब," आतून आवाज आला.

मी बसलो आणि सगळं सांगून टाकलं. तो तंबाखू मळत राहिला.

"ठावं हुतं मला. यादी चावडीवर लावली तवाच वाचली. अक्षर तुमचं."

"मग तक्रार का केली नाहीस?"

"तक्रार केली असती तर परत तपासनी आली असती." तो थोडा हसला. "धोतर एकच हुतं, भाऊसाहेब."

मी खिशातून कागद काढला. 'सदर इसम गावचा कायम रहिवासी असून, चुकीची नोंद मी स्वतः केली आहे.' खाली माझं नाव, सही. त्यानं तो दोनदा वाचला.

"आता चालंल. त्या धा जनांची घरं हुबी हायेत. त्यास्नी कोन उठवतंय?"

मी निघालो तेव्हा त्यानं पिशवीतली कडी काढून धोतराच्या सोग्यानं पुसली. मी विचारलं, इतकी वर्षं ही का बाळगलीस?

"सखूनं आनली हुती. कोल्हारच्या बाजारातनं, यादीत नाव लागलं त्या साली. आपल्या दाराला म्हनून." त्यानं ती एकदा हलकेच वाजवली. "नुसती ठिवली तर गंजंल ना. म्हनून वाजवत फिरतो."