मेहरआपांना न जमणारी सासू

मेहरआपांनी मला घराबाहेर काढलं, तेव्हा मला रडायचं होतं आणि मी हसत सुटले. नाटकातलं सांगतेय. मी सून होते, त्या सासू. माझी पेटी अंगणात भिरकावून त्यांनी ओरडायचं होतं, "चालती हो! या घराचा उंबरा पुन्हा चढू नकोस!" आपांनी पेटी उचलली, अलगद माझ्या पायाशी ठेवली आणि ओरडल्या, "चालती हो!... पण जेवून जा, बेटा."

तालमीला बसलेली पोरं हसून आडवी झाली. दहिफळे सरांनी कपाळाला हात लावला. "आपा, ही सासू हाय का खानावळ?"

"सर, दिवेलागणीची वेळ दाखवलीय तुम्ही. अशा वेळी उपाशीपोटी हाकलतात का कुणाला? तौबा!"

आमच्या कॉलेजात संध्याकाळी नाटकाचा वर्ग भरायचा. वयाची अट नव्हती. मी पिशोरहून आलेली, मावशीकडे राहून शिकणारी. आपा छावणीत राहायच्या, दिवसभर उर्दू शाळेत पहिलीला शिकवायच्या. पहिल्या दिवशी कुणीतरी वय विचारलं, तर म्हणाल्या, "पोलीस ॲक्शनच्या साली मी पाळण्यात होते. पुढचा हिशेब तुमचा तुम्ही करा." लग्न केलेलं नव्हतं. घरी कोण कोण असतं, असं विचारलं की त्या विचारणाऱ्याच्या आईची तब्येत विचारायच्या.

रंगमंचावरही त्यांचा अदब सुटत नसे. प्रवेश करायच्या आधी विंगेतून हळूच विचारणार, "येऊ का?" सासऱ्याची म्हणून ठेवलेल्या रिकाम्या खुर्चीला सलाम करणार. आवाज मोकळा व्हावा म्हणून सर सगळ्यांना बोंब ठोकायला लावत. आम्ही छप्पर उडवायचो. आपा म्हणायच्या, "अहो, ऐकता का जरा?" मला थोबाडीत मारायचा प्रसंग आला, तेव्हा हात उगारून थांबल्या. "शोभा, कानात डूल तर नाही ना?"

बरं, पाठांतर कच्चं म्हणावं तर तसंही नव्हतं. सगळ्यांचे संवाद त्यांना तोंडपाठ. फक्त त्या एका वाक्याशी आल्या की गाडी रुळावरून घसरायची. कधी "जेवून जा", कधी "ऊन उतरल्यावर जा", एकदा तर "रिक्षा बोलावू का?" मला राहवेना. चहा पिताना मी विचारलंच, "आपा, नेमकं तिथंच काय होतं तुम्हाला?"

"जबान उठत नाही गं," त्या म्हणाल्या आणि माझ्या बशीत आणखी एक बिस्कीट ठेवलं.

शेवटी सरांनी सांगून टाकलं की सासू दुसऱ्या कुणाला देतो. आपांना वाईट वाटलेलं दिसलं नाही. उलट, सुटल्यासारख्या खुशीत पडद्यांना इस्त्री करत बसल्या. मग दोन दिवसांनी कळलं, की स्पर्धा जालन्याला आहे आणि नाटकात काम असलेल्यांनाच न्यायचंय. ते ऐकलं मात्र, आपा इस्त्री बाजूला ठेवून सरांपुढं उभ्या राहिल्या.

"सासू मीच करणार."

"आन् ते वाक्य?"

"बोलेन."

सर माझ्याकडं बघायला लागले, मी त्यांच्याकडं. जालन्यात असं काय होतं, ते दोघांनाही कळेना. बाकी पोरं म्हणाली, आपांना बक्षिसाची हाव सुटली. मला ते पटत नव्हतं.

जालन्याला आम्ही एसटीनं गेलो. करमाडपर्यंत आपा सगळ्यांना शेंगदाण्याचे लाडू वाटत होत्या. पुढं मात्र डबा मिटून खिडकीबाहेर बघत राहिल्या. मी म्हटलं, पाठ करत असतील.

आमचं नाटक दुपारी होतं. माझ्या निघण्याचा प्रसंग आला. आपांनी पेटी उचलली आणि अशी भिरकावली की तिचं झाकण उघडून पातळं बाहेर पडली. "चालती हो! या घराचा उंबरा पुन्हा चढू नकोस!"

तो आवाज मी तालमीत कधीच ऐकला नव्हता. मला रडावं लागलं नाही, रडू आलंच.

पडदा पडल्यावर सर धावत आले, "आपा, कमाल केली!" पण आपा विंगेत खाली बसल्या होत्या. मी पाणी दिलं.

"हे वाक्य मी याआधी बोललेय, शोभा," त्या म्हणाल्या. "नाझनीनला. माझी धाकटी बहीण. अब्बा गेल्यावर मीच तिला वाढवलं. तिनं आपल्या पसंतीनं लग्न ठरवलं, दर्जी होता तो, कपडे शिवायचा. दरवाजात उभी राहून मी हेच बोलले. हाच आवाज होता. आणि ती खरंच गेली. पुन्हा आली नाही."

"कुठं असतात त्या?"

"इथंच. जालन्यात. यायला मला बहाणा लागत होता गं. आता आलेय, तर पाय उचलत नाही."

निकाल लागायला अवकाश होता. मी सरांना सांगितलं आणि आपांचा हात धरून बाहेर पडले. बाजारात दोन शिंप्यांना विचारलं, तिसऱ्यानं गल्ली दाखवली. निळ्या रंगाचं दार होतं, आतून शिलाई मशीनचा आवाज येत होता. आपा पायरीखालीच उभ्या राहिल्या, म्हणून कडी मी वाजवली.

मशीन थांबलं. दार उघडलं. आपांसारखंच नाक असलेली एक बाई, खांद्यावर टेप, दातात दोरा. तिनं मला पाहिलं, मग माझ्या मागं पाहिलं. दोरा तोंडातून गळून पडला. आता हे दार बंद होणार, असंच मला वाटलं.

तेवढ्यात ती पायऱ्या उतरून खाली आली.

"आपा," ती म्हणाली, "तुला चष्मा कधी लागला?"

आपांनी चष्मा काढला आणि पदरानं पुसायला घेतला. पुसतच राहिल्या. मग नाझनीननं तो त्यांच्या हातातून घेतला, स्वतःच्या ओढणीनं पुसला आणि नीट त्यांच्या डोळ्यांवर चढवला.