होडीत उठायचं नाही

"पंत, आधीच सांगून ठेवतो. होडीत बसलात की उठायचा नाय," गंगाराम म्हणाला. "कोन पन हाक मारू दे. जीव गेला तरी उठायचा नाय."

"जीव गेल्यावर कोण उठतो?" दत्तोपंत म्हणाले.

दत्तोपंतांचं बोलणं हे असं. रत्नागिरीत घर आणि खाडीपलीकडच्या जकातनाक्यावर कारकुनी, अशी त्यांची फरफट चालली होती. त्यात बायको, उमाबाई, चार महिने अंथरुणाला खिळलेली. सकाळी तिच्या उशाशी पेजेचं भांडं ठेवून निघायचं ते दिवेलागणीला परतायचं. मधे तिला घोटभर पाणी द्यायलाही घरात माणूस नव्हता. परत येऊ तेव्हा ती असेल ना, ही धास्ती त्यांना रोज खाडीच्या मध्यावर गाठायची.

म्हणून त्यांनी गावात बदलीचा अर्ज लिहिला होता. आज साहेब नाका तपासायला येणार होते, त्यांच्या हातात तो द्यायचा होता. पण उतारूंना ने-आण करणारी तरीची मोठी होडी साहेबांसाठी अडवून ठेवलेली. पंतांना पोहता येत नव्हतं, तरी गंगारामच्या अरुंद होडीत बसावं लागलं.

"फळी धरा. हलू नका. कलंडली तर होडीला धरून ऱ्हायचा, मला मिठी मारायची नाय."

"बुडताना माणसाला एवढं आठवतं का रे?"

"माज्या मानेला नख लावलात तर मी आठवन करून देन."

होडी मध्यावर आली आणि मागून तरीची होडी जवळ आली. तिच्यात साहेब, हेडक्लार्क आणि चार शिपाई होते. पंतांची आणि साहेबांची नजरानजर झाली. बावीस वर्षं नोकरी केलेला माणूस! साहेब दिसल्यावर बसून राहणं त्याच्या पायांना ठाऊकच नव्हतं. पंत अर्ज हातात घेऊन उठले, पगडी सावरून त्यांनी अदबीने मुजरा केला आणि सरळ पाण्यात गेले.

"अरे, गेला!" साहेब उठून उभे राहिले. साहेब उभे म्हटल्यावर हेडक्लार्क बसणार कसा? तोही उठला. हेडक्लार्क उठला म्हणून चारही शिपाई उठले आणि सगळे एकाच बाजूला वाकले. होडी कलली, साहेबांची टोपी पाण्यात पडली, आणि साहेब आत शिरलेल्या पाण्यात, होडीच्या तळाशी आदळले.

"बसा मेल्यांनो, खाली बसा!" गंगाराम ओरडला. उठू पाहणारे साहेब पुन्हा खाली बसले; आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी कुणाचा तरी हुकूम पाळला.

गंगारामने पंतांना कोटाच्या कॉलरला धरून ओढलं. नाका-तोंडात पाणी गेलेलं, पण अर्ज धरलेला हात वर होता.

नाक्यावर पोचल्यावर साहेबांनी भिजलेला अर्ज उलगडला. उमाबाईंच्या आजाराची आणि बदलीच्या विनंतीची सगळी शाई फुटून गेली होती. शाबूत ओळ एकच राहिली होती : 'रोज खाडी ओलांडताना जिवास धोका आहे.'

"खरंय," साहेब हळवे होऊन म्हणाले. "आज मी डोळ्यांनी पाहिलं. तुमची व्यवस्था करतो."

"पण साहेब, घरी बायको..."

"काही बोलू नका. आधी कपडे बदला."

आठ दिवसांनी हुकूम आला. पंतांनी उमाबाईंच्या अंथरुणाशी बसून तो वाचला. 'सदरहू कारकुनास पोहता येत नाही व होडीत बसण्याची रीत ठाऊक नाही. सबब त्याने यापुढे रोज खाडी ओलांडू नये. नाक्यावरील खोलीत त्याची कायमची सोय केली आहे.'

पंतांना पुढचं वाचवेना. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

उमाबाई मात्र हसल्या, चार महिन्यांत पहिल्यांदा. हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली.

"मग मलाच न्या तिकडे," त्या धाप लागलेल्या आवाजात म्हणाल्या.

"तू? होडीतून?"

"का? मला थोडंच उठता येतंय? तुमच्यापेक्षा मी बरी बसेन."

पंतांना हसू आलं नाही. त्यांनी गंगारामकडे निरोप धाडला आणि अंथरुणं बांधायला घेतली.