मानसिंगतात्यांचं पोट आणि देवाची काठी

पुतण्याच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मानसिंगतात्यांच्या शेरवानीचं बटण तुटलं आणि थेट भटजींच्या ताटात जाऊन पडलं. (भटजींनी ते सुपारी समजून नवरदेवाच्या हातात दिलं, ही पुढची गोष्ट.) तात्यांनी तिथंच ठरवलं, ऑपरेशन करून पोट काढून टाकायचं.

चुलतभाऊ रणजितला हे इतकं पटलं की दुसऱ्याच दिवशी तो तात्यांना स्वतःच्या गाडीतून बारामतीला घेऊन गेला. तात्यांना शंका यायला हवी होती, पण आली नाही.

डॉक्टरीणबाईंनी पोटावर पेनानं रेघा मारल्या, शेताची मोजणी करावी तशा. म्हणाल्या, ऑपरेशन होईल, पण मग काही महिने जड उचलायचं नाही. त्यापेक्षा आधी रात्रीचं जेवण सोडून बघा. जेवणाचं तात्यांनी ऐकलंच नाही. 'जड उचलायचं नाही' एवढं मात्र काळजात घुसलं. जत्रा महिन्यावर आली होती आणि देवाची उंच काठी पोटाशी टेकवून पेलायचा मान तात्यांच्या घराचा. तात्या नसतील तर तो चुलतघराकडे, म्हणजे रणजितकडे.

"काठीची काळजी करू नगा तात्या," घरी परतताना भिगवणच्या वाटेवर रणजित म्हणाला. "मी हाय की."

घरी आल्यावर तात्यांनी बायकोचा, रेश्माबाईंचा सल्ला घेतला. त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, "इतकी वरसं भाकरी थापून मी हुबं केलंय ते. मला न इचारता तुमी कापायला निघालाच कसं?"

तात्यांचा ऊर अभिमानानं भरून आला. ऑपरेशन रद्द झालं.

जत्रेत वारा सुटला तरी पोटावरची काठी तसूभर हलली नाही. सगळं गाव बघत राहिलं. तात्यांनी माइक जवळ घ्यायला लावला. "हे पोट हाय तवर ह्या काठीला दुसरा हात लागायचा न्हाय." टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात जोरात रणजितच्या.

पालखी देवळात परतेपर्यंत काठी जमिनीला टेकवायची नाही, असा रिवाज. मानकरी दमला की भाऊबंद हात लावायचे. संध्याकाळी मांडवात पंगती बसल्या, आमटीचा वास आला, तसं तात्यांनी रणजितला खुणावलं.

रणजितनं हात जोडले. "साऱ्या गावापुढं बोललाय तात्या. तुमचा शबूद मी कसा मोडू?"

तात्या ताठ उभे राहिले. पालखी आली तेव्हा शेवटची पंगत उठली होती. रेश्माबाईंनी पदरानं त्यांचा घाम पुसला. तात्यांनी हळूच ताटाचं विचारलं.

"वाढून ठिवलं व्हतं की," त्या म्हणाल्या. "पण डाक्टरीणबाईंनी रातचं जेवण बंद केलंय म्हनं. रणजितभावजींनी सांगितलं. मग त्यास्नीच वाढलं."