डाव्या खिशातली विद्या

"कुत्र्याला शिकवण्यात आहे काय एवढं? मी पोट सुटलेल्या माणसाला कोट बसवून दाखवतो!" असं शिंपीबुवा दुकानात आलेल्या प्रत्येकाला ऐकवत. माप देताना गिऱ्हाईक हात पसरून उभं, पळणार कुठे?

पिल्लू दिलं होतं मेव्हण्यानं, म्हणजे बायकोच्या थोरल्या भावानं. त्याला कुत्री घेऊन माळावर पक्षी हुडकायचा भारी नाद. या जातीचं कुत्रं पक्ष्याचा वास लागला की एक पाय उचलतं, नाक रोखतं आणि थिजून उभं राहतं. मेव्हण्यानं बजावलं होतं, "मोठी झाली की परीक्षा घेईन. उभी नाही राहिली, तर परत नेईन!"

शेपूट बारीक म्हणून तिचं नाव टाचणी. दिवसभर ती मशीनखाली शिंपीबुवांच्या पावलांवर झोपायची, आणि तिची झोप मोडू नये म्हणून ते हातशिलाईची कामं आधी उरकायचे. तिला परत न्यायची गोष्ट निघाली की ते घाईघाईनं विषय बदलायचे.

शिक्षण सुरू झालं. काठीला दोरा, दोऱ्याला पीस. टाचणीनं पीस खाल्लं. मग शिंपीबुवा स्वतःच रांगत एक हात उचलून थिजून दाखवू लागले. तेवढ्यात एक गिऱ्हाईक दारात आलं आणि "नंतर येतो" म्हणून गेलं ते गेलंच! शेवटी त्यांनी पँटच्या डाव्या खिशात वाळवलेल्या कलेजीचे तुकडे ठेवले. काय आश्चर्य! टाचणी पाय उचलून पुतळ्यासारखी उभी! शिंपीबुवांनी तिला तुकडा दिला, स्वतःला शाबासकी दिली आणि सगळ्या गल्लीला बातमी दिली.

परीक्षेच्या सकाळी मेव्हणा स्कूटरवरून उतरला आणि टर्रकन त्याची पँट मागून उसवली.

"अगं, दादाला माझी एखादी पँट दे," शिंपीबुवा टाचणीचा पट्टा शोधता शोधता म्हणाले. बायकोनं खुंटीवरची दिली.

माळावर टाचणीला सोडलं. दोन-चार उड्या मारून ती वळली, मेव्हण्याच्या मागे आली आणि थिजली! पाय उचललेला, नाक रोखलेलं, शेपूट ताठ. मेव्हण्याच्या पुढ्यात एक झुडूप होतं. त्याच क्षणी त्यातून भुर्रकन तितर उडालं!

"वा!" मेव्हण्याचे डोळे भरून आले. "भाऊजी, मानलं तुम्हाला! एवढ्या गुणाची कुत्री मशीनखाली कशाला कुजवायची? मी नेतो हिला."

"पण दादा, उभी राहिली तर ठेवायची ठरलं होतं ना?"

"ठरलं होतं हो. पण हिची जागा माळावर आहे!"

तेवढ्यात शिंपीबुवांचं लक्ष मेव्हण्यानं घातलेल्या आपल्या पँटकडे गेलं. खरं सांगावं तर गल्लीभर मिरवलेली अब्रू जाते. न सांगावं तर टाचणी जाते.

"दादा, जरा डावीकडे सरका."

मेव्हणा सरकला. टाचणीचं नाकही सरकलं.

"आता उजवीकडे."

नाक उजवीकडे!

"आता डाव्या खिशात हात घाला."

मेव्हण्यानं कलेजीचा तुकडा बाहेर काढला आणि हुंगून पाहिला. "म्हणजे हिला पक्ष्यातलं ओ की ठो कळत नाही?"

"काही म्हणजे काही नाही!" शिंपीबुवा इतक्या आनंदानं कधी हरले नव्हते.

"मग ठेवा तुमच्याकडेच," मेव्हणा म्हणाला. "पँट मात्र मी नेतो. माझी कुत्री तेवढीसुद्धा उभी राहत नाहीत."

संध्याकाळी शिंपीबुवा दुसरी, धुतलेली पँट घालून बसले होते. टाचणी समोर आली, पाय उचलला आणि थिजली. त्यांनी दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. रिकामे! तरी ती हलेना.

"बघ, बघ!" त्यांनी बायकोला हाक मारली. "खिशात काही नाही गं. मलाच दाखवतेय ती. माझ्यावरच जीव आहे तिचा!"

बायकोनं वाकून नीट पाहिलं.

"अहो, जेवून उठल्यावर हात कुठे पुसलात?"