बोरसे नाना आणि बेपत्ता गावं

बोरसे नानांच्या समोरची खुर्ची रिकामी असली तरी तिच्यावर बसता येत नसे. आधी गाव सांगावं लागे. नुसतं सांगूनही भागत नसे. नाना ते तपासून घेत.

जळगावच्या एका डाळीच्या कंपनीत, कॉम्प्युटर विभागात, माझा पहिला दिवस होता. आमची डाळ परदेशात जाई, म्हणून गावात बाकीच्यांच्या आधी आमच्याकडे ई-मेल आलं होतं. विभाग म्हणजे काचेची एक खोली आणि खोलीत नाना. बाहेर जळगावचा मे महिना. आत नानांच्या अंगात स्वेटर, गळ्यात मफलर, कारण सर्व्हरला गरम होऊ नये म्हणून एसी कायम जोरात.

"गाव कोणतं?" नानांनी विचारलं.

मी जळगाव म्हटलं.

"जळगावात लोक राहतात. गाव कोणतं?"

मग मी चोपड्याजवळच्या आमच्या खेड्याचं नाव घेतलं. माझं शिक्षण इंग्लिश मीडियमचं, खेड्यात जाणं कधीतरी सुटीत. तिथल्या मारुतीचं तोंड कुठल्या दिशेला आहे, असं त्यांनी विचारलं आणि मला सांगता आलं नाही. नानांनी फोन उचलला, चोपड्याला कुणा ओळखीच्याला लावला आणि माझ्यासमोरच माझ्या आजोबांची चौकशी केली. मी उभीच. शेवटी फोन ठेवून म्हणाले, "आहेत म्हणे. उंच आहेत, रागीट आहेत. बस."

राग मलाही आला होता. पण बोलून दाखवायची सवय नव्हती. बसले.

थोड्याच दिवसांत कळलं की नानांनी सर्व्हरलाही हीच शिस्त लावली आहे. ई-मेलच्या पत्त्यात शेवटी जे नाव येतं, त्याला आम्ही डोमेन म्हणायचो. नाना त्याला पाठवणाऱ्याचं गाव म्हणत. अशा प्रत्येक गावाची नोंद इंटरनेटवरच्या कुठल्या ना कुठल्या मशीनवर ठेवलेली असते: हे गाव आहे, त्याचं टपाल अमुक ठिकाणी द्या. कंपनीच्या शेठच्या नावाने वजन घटवायच्या गोळ्यांच्या आणि घरात सांगता न येण्यासारख्या जाहिराती यायला लागल्या, तेव्हा नानांनी पहारा बसवला. मेल आली की सर्व्हर आधी तिचं गाव शोधणार. सापडलं तर आत. असं गावच नाही असं कळलं तर दारातूनच परत. आणि नोंद ठेवणारं मशीनच उत्तर देत नसेल तर "नंतर ये". अशी मेल मग थोड्या थोड्या वेळाने पुन्हा येऊन दार वाजवते, चार-पाच दिवस वाजवत राहते आणि शेवटी थकून पाठवणाऱ्याकडे परत जाते.

"ज्याला उत्तर पाठवता येत नाही, त्याचं पत्र घ्यायचं कशाला?" हे नानांचं ठरलेलं वाक्य. त्यात ते इतके प्रामाणिक होते की आत घेतलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर गेलंच पाहिजे असा त्यांचा हट्ट असे. गवत कापायची यंत्रं विकणाऱ्या एका अमेरिकन दुकानाची जाहिरात आली. दुकानाचं गाव पक्कं निघालं. नानांनी माझ्याकडून इंग्रजीत उत्तर लिहून घेतलं: पत्र पावलं, आमच्याकडे उन्हाळ्यात गवत नसतं आणि पावसाळ्यात असतं ते म्हैस खाते, आपल्याकडे सर्व कुशल असावेत. त्यानंतर त्या दुकानाची रोज एक जाहिरात यायला लागली. मी ती बंद करू का विचारलं, तर नाना दुखावले.

"ओळख धरून आहेत बिचारे," म्हणाले. "आपल्याला रोज कोण लिहितं?"

निर्यातीचं काम बघणाऱ्या चोरडिया साहेबांचं आणि नानांचं या पहाऱ्यावरून वाजलं. साहेबांच्या दुबईच्या गिऱ्हाइकाची मेल दोन दिवस बाहेर तिष्ठत राहिली. साहेब काचेच्या खोलीत भांडायला आले. पण तिथे भांडणाऱ्याची एक अडचण असे, पाच मिनिटांत थंडी वाजायला लागे. हात चोळत साहेबांनी सांगितलं की या एका गिऱ्हाइकाचं नाव हाताने टाका आणि त्याला न तपासता आत सोडा. नानांनी साफ नाही म्हटलं. आज तुमचा पाहुणा, उद्या शेठचे मेव्हणे, परवा गोळ्यावाला. शेठनेही नानांचीच बाजू घेतली. ऑर्डर शेवटी फॅक्सने आली. साहेब दारात थांबून म्हणाले, "नाना, तुमच्या घरचं पत्र अडकेल ना, त्या दिवशी मी पेढे वाटीन."

नानांच्या घरचं पत्र यावं असं घरच नव्हतं. बायको वारलेली. मुलगा हेमंत अमेरिकेत नोकरीला. त्याचा फोन दिवाळीपासून आलेला नाही, हे मला ऑफिसातल्या बायकांकडून कळलं होतं. नाना त्याच्याबद्दल बोलत नसत. ते रविवारीही ऑफिसात येत आणि सर्व्हरला एकटं सोडवत नाही असं सांगत.

एका सोमवारी मी आले तर नाना स्क्रीनला नाक लावून बसले होते. कोण आलं, कोणाला थांबवलं, हे सगळं सर्व्हर लॉगमध्ये लिहून ठेवतो. त्यात एकच नाव पुन्हा पुन्हा दिसत होतं. हेमंत बोरसे, आणि पुढे एका अनोळखी कंपनीचं डोमेन. त्या गावाची नोंद ठेवणारं मशीन उत्तर देत नव्हतं.

"मना पोऱ्या शे," नाना म्हणाले. माझ्याशी ते एरवी अहिराणीत बोलत नसत. "रातपासून चारदा येऊन गेला."

मी म्हटलं, या गावाला न तपासता सोड अशी सर्व्हरमध्ये एक ओळ लिहिली की पत्र आत येईल. कोणाला कळणारही नाही.

"मला कळेल ना," नाना म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "आणि चोरडियाला मी काय तोंड दाखवू?"

फोन करून बघा म्हटलं. तर हेमंतने घर बदललं होतं, जुन्या नंबरावर कोणी दुसराच माणूस बोलायचा. उलट मेल पाठवावी, तर ज्या गावाचा पत्ता लागत नाही तिथे ती जाणार कशी. पत्र असंच चार-पाच दिवस दार वाजवून परत जाईल आणि बापाने घेतलं नाही असं हेमंतला वाटेल, एवढंच काय ते दिसत होतं.

मंगळवारी नानांचं कशात लक्ष नव्हतं. दर थोड्या वेळाने लॉग उघडायचे. नवीन ओळ दिसली की म्हणायचे, "आला." मग ओळ वर सरकेपर्यंत बघत बसायचे. गवताच्या दुकानाला त्या दिवशी उत्तर गेलं नाही.

बुधवारी त्यांनी मार्ग काढला. डोमेन नोंदवताना मालकाला आपला फोन नंबर द्यावा लागे आणि तो कोणालाही बघता येई. हेमंतच्या कंपनीच्या मालकाचा नंबर नानांनी तिथून काढला. ऑफिसचा फोन खासगी कामाला वापरायचा नाही म्हणून संध्याकाळी आम्ही स्टेशनजवळच्या एसटीडी बूथवर गेलो. इंग्रजीत मी बोलायचं होतं. अनोळखी माणसाशी मी मराठीतही बोलत नसे, पण नानांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला होता आणि मीटर पळायला लागला होता.

पलीकडचा माणूस सभ्य होता. मी त्याला सांगितलं की तुमच्या डोमेनची नोंद अजून जुन्या मशीनकडे आहे आणि ते मशीन बंद आहे. तो हसायला लागला. कंपनी नवीन, माणसं तीन. जागा बदलली तेव्हा मशीनही बदललं, नोंद बदलायची राहून गेली. तरीच आठवडाभर आम्हाला कोणाची मेल नाही, म्हणाला. आम्ही समजलो धंदा मंद आहे. आजच दुरुस्त करतो.

नाना मला कोपराने ढोसत होते. "इचार, येळवर जेवस का तो."

हे इंग्रजीत कसं विचारायचं ते मला सुचेना. हेमंत बरा आहे ना, एवढंच विचारलं. तो म्हणाला, हा काय इथेच बसलाय, देऊ का?

मी रिसीव्हर नानांपुढे धरला. नानांनी हात पुढे केला आणि मागे घेतला.

"नको. कामात असेल," ते म्हणाले. "पत्र येतंयच की आता."

मी आभार मानून फोन ठेवला.

शुक्रवारी दुपारी पत्र आत आलं. सर्व्हरने गाव शोधलं, सापडलं, दार उघडलं. नानांनी मफलर नीट केला आणि मला शेजारी बसवून घेतलं. इंग्रजीत दोन ओळी होत्या. नोकरी बदलली आहे, खाली नवा पत्ता. खूप काम आहे, तब्येत सांभाळा.

नानांनी ते वाचलं, खाली सरकवलं, पुन्हा वर आणलं. मग नेहमीप्रमाणे लॉग उघडला. हेमंतच्या नावाची शेवटची ओळ पत्र आत घेतल्याची होती. तिच्याखाली त्याचं नाव नव्हतं.

"आला तसा गेला," ते म्हणाले. "बठना बी नही."

नाना पुन्हा पत्राकडे वळले आणि बराच वेळ पत्त्याखालच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले.

"जरा बघ बरं," त्यांनी विचारलं, "पुढचं वाटेत तुटलं तर नाही ना?"

पत्र आलं तेव्हाच मी त्याचा आकार लॉगमधल्या आकड्याशी ताडून पाहिला होता. एक अक्षरही गळलेलं नव्हतं, आणि लॉगमधला तो आकडा वाचायला नानांना माझी गरज नव्हती. तरी मी कीबोर्ड पुढे ओढला, एक-दोन कमांड दिल्या आणि स्क्रीनवरून नजर न काढता म्हटलं, "तुटलं असेल नाना. या आठवड्यात लाइन खराबच होती."

"हो," नाना म्हणाले. "लाइन खराबच होती."