कटरेभाऊ कप उलटून पाहतात

रविवार, पोळ्याच्या आठ दिवस आधी. सकाळी साडेआठ. ठिकाण: कटरेभाऊंची मागची खोली, कुडवा, गोंदिया. हजर: निवृत्त लाइनमन आणि वस्तूंचे मालक मोतीराम कटरे, आमच्या वाचनालयाच्या ग्रंथपाल टेंभरेबाई, आणि मी, वाचनालयाची सचिव, वहीपेनासह. उशिरा हजर: माझे मिस्टर, स्टूल घेऊन. कामकाज: कटरेभाऊंच्या जुन्या वस्तूंची यादी करणे, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, मुलांच्या लाकडी बैलांच्या दिवशी, वाचनालयात प्रदर्शन मांडता येईल.

कामकाज वीस मिनिटं उशिरा सुरू झालं, कारण चहा आला. चहा शेजारून, म्हणजे माझ्याच घरून आला होता. कटरेभाऊंनी भरलेला कप उचलला, बशी बाजूला ठेवली, हात सरळ डोक्याच्या वर नेला आणि मान मागे टाकून कपाचं बूड खालून पाहिलं. एक थेंब सांडला नाही. जन्मभर खांबावर नजर लावलेला माणूस आहे तो. मग कप खाली आला, कडेवर नखानं टिचकी बसली, त्यांनी कान दिला आणि म्हणाले, "बरा हाय." त्यानंतर पहिला घोट.

टेंभरेबाई नवीन. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "चला, लिहायला घेऊ."

कुडव्यात कटरेभाऊंना चहा देणाऱ्या प्रत्येक घरानं हे पाहिलेलं आहे. एकदा एका नात्यातल्या मुलासाठी मुलगी पाहायला गेले होते. मुलगी ट्रे घेऊन आली, सगळे तिच्याकडे पाहू लागले, हे कपाच्या बुडाकडे. मुलीच्या वडिलांना वाटलं, कपाला काही लागलंय. आई आत पळाली आणि दुसरे कप घेऊन आली. यांनी तेही वर धरून पाहिले. लग्न जमलं, पण त्या घरात आजही यांना स्टीलच्या गिलासात चहा देतात.

यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. "मानसाचं तोंड पाहाव, भांड्याचं बूड. तोंडाले कोनीबी रंग देते जी. बुडाले कोन देते?"

टिचकीची सवय नोकरीतली. तारा ज्या पांढऱ्या चिनीमातीच्या चिमण्यांवर बसवतात, त्या खांबावर नेण्याआधी ते वाजवून पाहत. चांगली चिमणी 'टण्ण' करते, तडा गेलेली 'ठप'. तडा डोळ्याला दिसत नाही, कानाला ऐकू येतो. पुढे हा कान त्यांनी सगळ्या जगाला लावला. दुकानातल्या फरशा वाजवल्या, देवळातली नवी मूर्ती वाजवली. दातांची कवळी बसवली, तेव्हा ती तोंडात घालण्याआधी डॉक्टरांसमोर वाजवली. "ठप्प म्हनते डॉक्टरसाहेब," ते म्हणाले. डॉक्टरांनी निमूट दुसरी करून दिली.

आणि संग्रहाचा उगमही खांबावरच. "खालून पाहाल त सप्पा घरं सारखे," ते सांगतात. "दरवाजा, तोरन, तुळस. खांबावर चढा, मंग मागचं आंगन दिसते. तिथं समजते कोनाकडं काय हाय." तिरोड्याकडच्या एका गावात तार जोडताना त्यांना खाली एका परसात कोंबड्या पाणी पिताना दिसल्या. पाणी होतं फिकट निळ्या वेलबुट्टीच्या चिनीमातीच्या तसराळ्यात. तार जोडून झाली, सगळ्या गावात वीज आली, आणि हे त्या घरी जाऊन उभे. "बाई, कोंबड्याइले दुसरं काही द्या न. मी पितळी देतो."

बाई म्हणाली, "काऊन जी? कोंबड्याइनं काय पाप केलं?"

पितळी दिली, वर घरातला जळका फ्यूजही बांधून दिला. तेव्हापासून हाच व्यवहार. लोणच्याच्या जुन्या बरणीबदली फिरकीच्या झाकणाचा नवा डबा. कंदिलाच्या रंगीत काचेबदली दारावरचा बल्ब नीट करून देणं. काही बायका म्हणे कटरे लाइनमन गावात आला की बरणी मुद्दाम परसात, वरून दिसेल अशी मांडत.

अशा रीतीनं मागची खोली भरली. मला यादीचा अनुभव मोठा आहे. वाचनालय, भिशीमंडळ, सहल, लग्नाचा रुखवत, कशाचीही यादी मी करते. पण ही करताना माझेच हात थबकले, हे कबूल करते. गोळीच्या सोड्याच्या हिरव्या बाटल्या. शाईच्या दौती. पिवळ्या-तपकिरी दुरंगी बरण्या, मूठभरापासून पोतंभर आंबे मावतील एवढ्या. देवरीकडच्या एका आजोबांनी कोरलेला लाकडी मोर, ज्याची मान आजोबांच्याच मानेसारखी एका बाजूला कललेली. तीन चाकांचा लाकडी बैल, जो आजही ओढला की डावीकडे जातो. मातीचे घोडे, त्यातल्या एकाला शेपूट नाही. जवळजवळ प्रत्येक वस्तूला कुठे तरी टवका. आणि हे सगळं आमच्या गोंदियात, आमच्या भिंतीला लागून! माझी उगाचच, जणू मीच जमवलं असं वाटून छाती भरून आली.

माझ्या वहीत पाच रकाने होते: क्रमांक, वस्तू, कुठली, कोणाकडून, अवस्था. वाटलं होतं चौथा रिकामा राहील. एकही राहिला नाही.

"ही बरणी?"

"चोरखमाऱ्याची. पारबताबाईची. करवंदाचं लोनचं करे. सून आली तवा बरणी सुनेनं धुतली अन् कड उडाली. सासूनं म्हटलं, उडू दे, हात नाही कापला न? लिहा, 'चांगली सासू.'"

"तसा रकाना नाही कटरेभाऊ."

"मंग पाडा न. कागद कमी हाय काय?"

मी सहावा रकाना पाडला. खरं सांगायचं तर तोच सगळ्यात भराभर भरला.

मागे नागपूरहून जुन्या वस्तूंचा एक व्यापारी आला होता, तेव्हाही मी हजर होते. छताला टांगायची निळ्या काचेची हंडी पाहून त्याचे डोळे मोठे झाले. "अंकल, ये तो बेल्जियम का माल है!"

कटरेभाऊ शांतपणे म्हणाले, "बेल्जियम में किसके घर का?"

"मतलब?"

"घर का नाम बताओ. मैं बताता हूँ. आमगाँव, सीताबाई का देवघर. पहला दिया बेटे के जनम पे लगा था. तुम बेल्जियम का एक आदमी बताओ, जिसने इसमें दिया लगाया. बताओ, और ले जाओ."

त्यानं हंडीवरची नजर काढली. चहा पिऊन गेला. जाताना कटरेभाऊंनी त्याला बजावलं, "रस्त्यानं नीट जाजो गा, फुलचूरले खड्डा हाय." मी त्या दिवशी तीन घरी जाऊन हा प्रसंग सांगितला.

तर यादी. दुपारी एकपर्यंत आम्ही एकशे त्रेचाळीसपर्यंत आलो. टेंभरेबाईंनी क्रमांकाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या, मिस्टरांनी स्टुलावर चढून वरच्या फळ्या रिकाम्या केल्या. राहिलं कोपऱ्यातलं एक काचेचं लहान कपाट. त्यात पाच कप आणि सहा बशा. पांढऱ्याशुभ्र, कडेला निळ्या फुलांची नाजूक माळ. खोलीभर वस्तूंमध्ये एकही टवका नसलेल्या एवढ्याच.

मी पेन टेकवलं. "एकशे चव्वेचाळीस. कपबशा, निळी फुलं."

"हे नोका लिहू," कटरेभाऊ म्हणाले.

"का?"

"जोड पुरा नाही. अर्धी वस्तू यादीत कायले?"

आता मी अशा जागी गप्प बसणारी नाही. "कटरेभाऊ, बिनझाकणाच्या नऊ बरण्या लिहिल्या. तीन चाकांचा बैल लिहिला. बिनशेपटीचा घोडा तुम्ही स्वतः मोठ्यानं लिहायला सांगितला. आणि पाच कप अर्धवट?"

त्यांनी कपाट उघडून एक कप काढला. टिचकी मारली. इतका स्वच्छ 'टण्ण' आवाज झाला की स्टुलावरून मिस्टरही वळले. मग त्यांनी कप उलटा करून माझ्यासमोर धरला. बुडाला लाल नेलपॉलिशचे तीन ठिपके होते, चुलीच्या तीन दगडांसारखे मांडलेले.

"सुमनची खून हाय," ते म्हणाले.

सुमनवहिनी म्हणजे त्यांची पत्नी. चार वर्षांपूर्वी वारल्या. कटरेभाऊ मूळचे बोदलकशाचे, आणि माझं सासरही तेच. नवी नवरी म्हणून मी वर्षभर तिथं राहिले, तेव्हा पलीकडच्या गल्लीतून वहिनींचं हसणं ऐकू यायचं, एवढं मला आठवतं. निवृत्तीनंतर दोघांनी कुडव्याला आमच्या शेजारी घर बांधलं, त्याला अकरा वर्षं झाली.

ठिपक्यांचा अर्थ मला सांगावा लागला नाही. त्या काळी गावात लग्न निघालं की कपबशा कोणी भाड्यानं आणत नसे, घरोघरच्या गोळा होत. पितळेच्या भांड्यावर नाव टोचून घालता येतं, चिनीमातीवर टोचलं तर ती फुटते. म्हणून बायका बुडाला खूण करत. कोणाचा एक ठिपका, कोणाची फुली, कोणाची चांदणी. लग्न झालं की बुडं पाहून ज्याचे कप त्याच्या घरी जात.

"मायनं दिलता हा जोड तिले," कटरेभाऊ कपाटाकडे पाहत म्हणाले. "सहा होते. एका लग्नात दिले, पाचच आले वापस. बशी आली, कप नाही आला. मंग तिनं काय करावं? घरी सहावा मानूस आला का तिचा चहा गिलासात. कोनाकडं बसाले गेली का कप उलटून पाहे. मी चिडो. म्हनो, एका कपासाठी लोकाच्या घरी इज्जत कायले काढतेस वं? बाजारातून डझन आनून देतो. तिनं म्हटलं, डझन नोको, माहा एक पायजे."

हातातला कप त्यांनी परत कपाटात ठेवला. "ती गेली. आता मी पाहतो."

टेंभरेबाईंनी चिठ्ठ्यांची पट्टी उगाच गुंडाळली आणि पुन्हा उलगडली.

"कोणाच्या लग्नात दिले होते?" मी विचारलं. विचारायलाच हवं होतं, रकाना होता.

"होतं एका घरचं. नाव कायले पायजे? पोरगी सुखानं नांदून राहिली. लग्न मोठं गोड झालं, जिलबी होती. देल्या वस्तूचं नाव घेऊन दारात जाव नाही, बिसेनबाई. ज्याच्या घरी हाय, त्याच्याही घरी चहाच पीत असन न कोनी."

जिलबी होती, म्हणाले. आणि माझं पेन थांबलं.

बोदलकशाला त्या काळी जिलबीचं लग्न एकच झालं होतं. माझ्या नणंदेचं. मी सासरी येऊन चारच महिने झाले होते, आणि सासूबाईंनी मला पहिलं जबाबदारीचं काम दिलं होतं: गावभरच्या कपबशा ओळखून परत पाठवणं. मी रात्र-दिवस नाही, पण दोन अख्ख्या दुपारी बुडं पाहिली, वहीत घर, खूण, नग असं लिहिलं. ती माझ्या आयुष्यातली पहिली यादी. सासूबाई ती शेजारणींना दाखवत, "आमच्या सुनेनं एक कप इकडचा तिकडं नाही होऊ दिला." हे मी आजवर फार जणींना ऐकवलं आहे.

पण शेवटी काही कप उरले होते. कोणाची खूण घासताना गेलेली, कोणाचा रंग चुलीच्या राखेखाली झाकलेला. ते एका खोक्यात भरून माळ्यावर ठेवले. यादीच्या शेवटच्या ओळीत मी लिहिलं: 'उरलेले कप, घरं विचारून परत करणे.' मग मिस्टरांची बदली झाली आणि आम्ही गोंदियाला आलो.

अकरा वर्षं कटरेभाऊ माझ्या घरी चहा पितात. आधीची सात वर्षं वहिनींनी पाहिले असतील, गेली चार वर्षं माझा प्रत्येक कप त्यांनी डोक्यावर धरून पाहिला. "बरा हाय" म्हणाले. कोणाचं लग्न होतं ते त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि एकदाही त्यांनी विचारलं नाही. मी मात्र ही सवय पाहुण्यांना हसून सांगत आले.

प्रदर्शन झालं. उत्तम झालं. तान्ह्या पोळ्याची मुलं लाकडी बैल सजवून वाचनालयासमोर ओळीनं उभी होती, आणि तीन चाकांचा बैल पाहायला मोठीच माणसं जास्त वाकत होती. चोरखमाऱ्याहून पारबताबाईंची सून आली, आता तीच आजी झालेली. आपल्या बरणीसमोर उभी राहून तिनं सहावा रकाना दोनदा वाचला आणि पदर तोंडाशी धरला. कटरेभाऊ इस्त्रीचा सदरा घालून दाराशी उभे होते. येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "टिचकी मारून पाहा जी, पन नखानं, अंगठी काढून." मी त्यांच्या शेजारी वही घेऊन उभी. गावात इतका अभिमान मला रुखवताच्या यादीनंही दिला नव्हता.

पाच कप मी मांडले. कटरेभाऊ नको म्हणत होते, तरी मांडले. पाच कप, सहा बशा, सहाव्या बशीवर काही नाही. यादीत एकशे चव्वेचाळीस क्रमांक लिहिला आणि 'अवस्था'च्या रकान्यात काही लिहिलं नाही.

त्यांना मी अजून काही बोललेले नाही. नुसत्या आशेवर माणसाला बसवू नये. बोदलकशाला जाऊबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "असन जी ते खोकं माळ्यावर. घराचे कवेलू फेरले तवा हलवलं होतं, पन फेकलं नाही. फुटलं का शाबूत हाय, मले नाही मालूम. खोललं कोनं?"

येत्या रविवारी जायचं आहे. जुनी वही सापडली, ती पिशवीत ठेवली आहे. शेवटच्या ओळीपुढे बरोबरची खूण नाही. 'उरलेले कप, घरं विचारून परत करणे.'